उसने डोळे

माझे दोन डोळे रतनच्या गालावर येऊन अडकले आणि यंत्र थांबले. डोळे वर जाईनात, खाली येईनात. प्रणिता, माझी सून, माउस हलवीत राहिली. पडद्यावरचा बाणसुद्धा जागचा हलला नाही. रतन डोळे मिटून बसलेली, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचा हार, आणि तिच्या उजव्या गालावर, नाकपुडीच्या शेजारी, माझे डोळे टक्क उघडे. ते थेट माझ्याकडे पाहत होते. सत्तरी ओलांडलेल्या बाईने स्वतःला आरशात पुष्कळ पाहिलेले असते, तरी आपलीच नजर दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून आपल्याला अडवू लागली, की पदर सारखा करावासा वाटतो. मी तो केला. "पुन्हा गेलं, आत्याबाई," प्रणिता म्हणाली. सकाळपासून हेच चालले होते. डोळे कापून घेईपर्यंत सगळे सुरळीत. कडा मऊ करून ते चेहऱ्यावर सरकवायला लागले, की मध्येच कुठेतरी यंत्राचा श्वास कोंडायचा. एकदा ते रतनच्या हारात अडकले होते, एकदा कपाळावर. मी देवभोळी नाही. पण धाकटी बहीण गेल्यानंतर तिच्या चेहऱ्याने आपले डोळे असे पुन्हा पुन्हा नाकारावेत, याला नुसते यंत्र कारण आहे असे मानायला मला त्या सकाळी मनाला थोडे बजावावे लागले.

आमच्यात, लिंगायतांत, मृताला आडवे नेत नाहीत. बसवतात. स्नान घालून, भस्म लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून, पाटाला टेकवून बसवतात आणि माणूस घरातून शेवटचा निघतो तो बसूनच. त्या वेळी फोटो काढण्याची रीत आहे. अंबाजोगाईच्या मंडी बाजारात आमचा स्टुडिओ माझ्या सासऱ्यांनी निजामाच्या काळात घातला, तेव्हापासून या भागातल्या कितीतरी घरांतली ही शेवटची बैठक आमच्याच कॅमेऱ्याने टिपली आहे. मात्र तो फोटो तसाच भिंतीवर लावत नाहीत. ज्याच्यापुढे रोज हात जोडायचे त्याने आपल्याकडे पाहिले पाहिजे. म्हणून डोळे उघडायचे. हे काम माझे. सासऱ्यांना ते हैदराबादच्या एका उस्तादांनी शिकवले होते आणि सासऱ्यांनी, मुलगे असताना, ते मला शिकवले. कारण माझा हात स्थिर होता आणि मला हुकूम सांगावा लागत नसे. उस्तादांचा एक नियम ते नेहमी सांगत: आँख उधार लेना तो घर की लेना. माणसाचा उघड्या डोळ्यांचा जुना फोटो असला तर प्रश्नच नाही; नसला तर सख्ख्या भावाचे, बहिणीचे, लेकाचे डोळे समोर ठेवून रंगवायचे. बारीक कुंचला, काळ्या शाईत तपकिरीचा एक थेंब, आणि बुबुळावरचा प्रकाशाचा ठिपका अगदी शेवटी. तो ठिपका ठेवला, की माणूस बघू लागे. बायका पदराने डोळे टिपत म्हणत, "काकूंनी डोळं उघडलं बगा." या गावात अशी किती माणसे भिंतीवरून माझ्या हातच्या डोळ्यांनी बघत असतील, याचा मला अभिमान आहे आणि तो मी कधी लपवला नाही. आता माझा हात कापतो. शिवाय लोकांनाही कॉम्प्युटरवरचेच हवे असते. गेल्या दिवाळीत राजेश्वरने, माझ्या मुलाने, ते यंत्र आणले; प्रणिता लातूरला जाऊन वर्ग करून आली. मी तिच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसते आणि सांगते. कुंचला गेला, पण डोळे अजून मीच उघडते असे मी समजत होते.

रतनचा उघड्या डोळ्यांचा फोटो नव्हता. स्टुडिओवाल्याची मेहुणी, आणि तिचा एक धड फोटो नाही, म्हणून लोक हसतील. फोटो होते. माझ्या लग्नातला होता, राजेश्वरच्या बारशातला होता, तिच्या घरच्या वास्तूचा होता. पण सगळ्यांत ती माझ्या शेजारी उभी आणि तिची नजर तिरकी, माझ्याकडे. मी हात कुठे ठेवला आहे, पदर कुठून घेतला आहे, हे पाहून ती तसेच करीत असे, आणि नेमके तेव्हाच बटण दाबले जाई. तिरकी बुबुळे समोरच्या चेहऱ्यावर बसत नाहीत. म्हणून मी ठरवले, माझे डोळे घ्यायचे. सख्खी बहीण, एकाच आईचे दूध. लहानपणी केजच्या बाजारात आमच्या वडिलांच्या कापडाच्या दुकानी आलेली माणसे आम्हां दोघींना डोळ्यांवरूनच ओळखत. मी कोणाला विचारले नाही. विचारायचे कोणाला? राजेश्वरने मला मागच्या खोलीत बसवून फोटो काढला. "आई, थोडं मवाळ बघ ना," एवढे तो म्हणाला होता. मी म्हटले, मी बघते तशी बघते.

सोमवारी परळीला, रतनच्या घरी, तिच्या नावाची गणाराधना होती. आमचे पुरोहित जंगम यायचे, जेवणे व्हायची, आणि त्या दिवशी तसबीर चौरंगावर हवी होती. रतनचा मुलगा केदारनाथ ती न्यायला हे चालले होते त्याच दुपारी येणार होता. म्हणून प्रणिताने सुग्रीवला बोलावून आणले. हा सुग्रीवही मूळचा परळीचा. इथे गावात कॉम्प्युटर शिकवण्याच्या वर्गात मास्तर होता आणि बाहेर दुरुस्तीही करी. तिशीतला, केसांना तेल, बोलण्याला लगाम नाही. आल्या आल्या त्याने पडद्याकडे पाहिले आणि दचकून म्हणाला, "आयला! हे काय वो गालावर?" मी म्हटले, "ते माझे डोळे आहेत. तुम्ही तुमचे काम बघा." तो चटकन खाली बसला. मग त्याने यंत्राचे पोट उघडले, मिटले, चालू केले, बंद केले. "आज्जी, मशीन ठणठणीत हाय. भांडण हाय ते ड्रायव्हरचं." ड्रायव्हर म्हणजे माझ्या लेखी एसटीचा. तो हसला. "तसलाच समजा. ह्या पेटीत चित्र दाखवायचं एक कार्ड हाय, त्याला चालवनारा जो प्रोग्राम त्यो ड्रायव्हर. तुमी फोटोचं सॉफ्टवेअर नवीन टाकलं, अन् कार्डाचा ड्रायव्हर ऱ्हायला जुन्या चालीचा. दोघांचं पटंना." "मग काढून टाका," मी म्हटले. "काढू की. पर मग काय हुतंय ते बघा."

त्याने तो काढला. यंत्र पुन्हा उठले तेव्हा रंग गेले होते. पडद्यावर सोळाच उरले, असे तो म्हणाला. त्या सोळांत रतनचा चेहरा मावला नाही. कपाळ एक पांढरे ठिगळ, गाल एक पिवळट, गळ्याखाली एक तपकिरी. मधल्या सगळ्या छटा, जिथे माणूस राहतो, त्या नाहीशा. वाकळेसारखा चेहरा. प्रणिताने दुसरीकडे पाहिले. मी पाहत राहिले. मला वाटले, मला रतन आठवते ती साधारण अशीच. एक ठिगळ शाळेचे: बाई तिला नाव विचारतात आणि मी उत्तर देते. एक ठिगळ तिला बघायला परळीची माणसे आली त्या दिवसाचे: तिला काय येते, काय करता येते, असे त्यांनी विचारले, ती पाटावर मान खाली घालून बसलेली, आणि मी दाराआडून खणखणीत सांगते की तिला सगळे येते, आणि परळीचे ते दुकानदार, तिचे पुढे झालेले सासरे, हसून म्हणतात, "ह्या ताईच बोलणार असतील तर आमचं घर सरळ चालंल." एक ठिगळ गेल्या वर्षीचे. तिला दवाखान्यात आणले होते, डॉक्टरांनी विचारले कुठे दुखते, आणि मी सांगितले, बरगडीखाली. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. तसेच, तिरके. त्या पाहण्यात काय होते हे मी इतक्या वर्षांत कधी वाचले नाही, कारण त्यात माझ्याविषयी काही असेल असे मला वाटलेच नव्हते. कोणीतरी बोलायला हवे होते, ती बोलत नव्हती, मी बोलले. याहून सरळ हिशेब कोणता?

सुग्रीवने सीडीवरचा दुसरा ड्रायव्हर घातला. रंग परत आले, छटा परत आल्या, रतन परत आली. प्रणिताने डोळे उचलले, आणि ते भुवईपाशी जाऊन गोठले. त्याने आणखी जुना घातला. तेव्हा फोटोचे सॉफ्टवेअर उघडेचना. "आता?" मी विचारले. आतापर्यंत त्याची चेष्टा थोडी ओसरली होती. तो कपाळ खाजवीत म्हणाला, "आज्जी, मला कळलं ह्याचं. ह्यो कार्डाचा ड्रायव्हर वाईट न्हाई. लई हुशार हाय. सॉफ्टवेअर म्हनतं, मी सांगतो तसं काढ; ह्यो सांगू पन देत न्हाई. त्येच्या आदीच म्हनतो, मला म्हाईत हाय, अन् काढून मोकळा हुतो. साध्या चित्राला चालतंय. पर असं मऊ काम आलं, चेहऱ्यावर चेहरा, की दोघंबी एकाच जागी हात घालत्यात. मग कुनालाच काई येत न्हाई. गपगार." "यावर उपाय?" "उपाय एकच. ह्याला सांगायचं, बाबा, तू सोताच्या मनानं काई करू नको. सांगतील तेवढंच दाखव." त्याने कुठलीशी खिडकी उघडली. तीत एक पट्टी होती, तिच्यावर सरकणारा एक काटा, उजव्या टोकाला. तो त्याने ओढत ओढत डाव्या टोकाला नेला. "आता वेग जाईल. एकेक रेघ मागनं येईल. कट्टाळा येईल तुमाला. पर अडकायचं न्हाई." मला त्याचे ते बोलणे रुचले नाही. एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी कसे वागते हे तो सांगत होता, त्यात कोणाला लागण्यासारखे काही नव्हते, तरी मी त्याला म्हटले, "भाषण पुरे. चहा घ्या आणि निघा." तो चहा पिऊन, "कट्टाळा करू नका बगा, आज्जी," असे पुन्हा एकदा बजावून गेला.

आणि डोळे गेले. हळू, फार हळू. प्रणिताने हात हलवावा आणि थोड्या वेळाने पडद्यावर ते सरकावेत, जणू मागून बोलावल्यासारखे. पापणीच्या जागी पापणी बसली. वरून खाली एकेक ओळ करीत कडा चेहऱ्यात विरल्या. प्रणिताने कातडीचा रंग जुळवला, माझ्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या काढून रतनच्या ठेवल्या. काम चोख होते. मी मान हलवली. इतक्यात दारात चपला वाजल्या आणि केदारनाथ आत आला. चाळिशीचा माणूस, वडिलांमागे परळीला स्टेशनकडच्या बाजूला किराणा चालवतो. दाढी वाढलेली, डोक्यावर रुमाल. माझ्या पायांना हात लावून तो उभा राहिला आणि त्याने पडद्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीतरी उजळले आणि मग ते हळूच विझले.

"मावशी," तो म्हणाला, "ह्या तुमी हाव."

"डोळे माझे घेतले आहेत. रीतच आहे ती. चेहरा तिचा आहे."

"चेहरा आईचाच हाय. पर बगतायत तुमी." मग, रागावू नये म्हणून असेल, तो थोडा हसला. "आई अशी बगत असती, तर एकबी गिऱ्हाईक उधारी बुडवून गेलं नसतं आमचं."

प्रणिताने खाली मान घालून हसू गिळले. मला ते दिसले. मी म्हटले, "दोघी सख्ख्या बहिणी. डोळ्यांत फरक नव्हता. केजला विचार कोणालाही."

"डोळ्यांत नसंल, मावशी. बगन्यात व्हता. मी तिच्यापुढं हात जोडायला उभा ऱ्हाईन, अन् मला वाटंल, आता तुमी विचारताव, दुकान कावून बंद ठेवलंस. न्हाई जमत तर ऱ्हाऊ द्या. मिटलेलेच ऱ्हाऊ द्या. तशीच नेतो."

मिटलेले डोळे. आमच्या स्टुडिओतून कधी कोणाची तसबीर डोळे मिटून गेली नव्हती, आणि जावी ती माझ्या बहिणीची. मी बोलायला तोंड उघडले. रतनचे डोळे कसे होते ते मी प्रणिताला सांगणार होते. खाली बघणारे, मवाळ; पापणी थोडी उतरव. आणि माझ्या लक्षात आले की रतन मला ठाऊक आहे ती फक्त बाजूने. मी माझ्या डोळ्यांपुढे तिला आणू पाहिले, समोरून, नजरेला नजर देणारी. माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडताना, न्हाणीपाशी, बसस्टँडवर निरोप घेताना. प्रत्येक ठिकाणी ती मान वळवून माझ्याकडे बघत होती, किंवा मी बघितले की खाली बघत होती. हजारो अनोळखी माणसांच्या बुबुळांत मी प्रकाशाचा ठिपका ठेवला; माझ्या बहिणीचा ठिपका कोणत्या बाजूला पडे, ते मला सांगता येत नव्हते. स्टुडिओत पंखा फिरत होता. प्रणिता माझ्या सांगण्याची वाट पाहत होती. केदारनाथही. सगळे आयुष्य माझ्या सांगण्याची कोणी ना कोणी वाट पाहिली आहे आणि मी कोणाला ताटकळत ठेवलेले नाही. त्या वेळी ठेवले.

मग मी विचारले, "केदार, ती कशी बघायची?"

दुकानदार माणूस, वजन सांगेल, भाव सांगेल. तो म्हणाला, "आता कसं सांगू... आमच्या गल्लीत थर्मल पावरच्या चिमणीची राख उडते ना, मावशी. दुपारच्याला वारं सुटलं की सगळं करडं. आई वट्ट्यावर बसून धान्य पाखडायची. मी साळंतून आलो, दुकानातनं आलो, की मान वर करून बगायची, अन् राखेनं तिचा डावा डोळा बारीक व्हायचा. असा." त्याने करून दाखवले. त्याच्या दाढी वाढलेल्या, दमलेल्या चेहऱ्यावर डावी पापणी अर्धी खाली आली, खालची जराशी वर गेली, आणि गालाला एक वळी पडली. "पुढं पुढं राख नसली तरीबी तसाच. घरातसुदीक. आमी चिडवायचो तिला, आई डोळा मारती म्हनून. मग लई हसायची." आणि तो तसाच, एक डोळा बारीक करून, हसला.

मी परळीला जात असे ती कार्यापुरती, बहुतेक मंगल कार्यालयात. तिच्या ओट्यावर दुपारची मी कधी बसले नव्हते. ती माझ्याकडे येई. आणि अंबाजोगाईत राख उडत नाही. इथे तिने दोन्ही डोळे उघडे ठेवले. ज्या बाईला तिची मुले चिडवत आणि जी त्यावर खूप हसे, ती माझ्या घरी कधी आलीच नाही. गाडीतून उतरताना रतन त्या बाईला कुठे ठेवून येत असेल? मला कोणाचा राग आला ते कळेना. केदारनाथचा आला, राखेचा आला, आणि सगळ्यात जास्त रतनचा आला, की बाई, मला एकदा तरी दाखवायचे होतेस. पण दाखवायला समोरच्याने थांबावे लागते, आणि मी कोणासाठी थांबले आहे असे मला आठवत नाही.

मी उठले. "इथे बस," मी केदारनाथला म्हटले आणि माझी खुर्ची त्याच्याकडे सरकवली. तो संकोचला, त्या खुर्चीवर राजेश्वरही बसत नाही. "बस म्हटले ना! आणि प्रणिताला सांग. ती करेल." मी मागे कपाटाला टेकून उभी राहिले.

"डावा जरा बारीक करा, वहिनी," तो म्हणाला. प्रणिताने हात हलवला. काही झाले नाही. मग वरून, धाग्याने धागा उतरावा तशी पापणी खाली आली. "आजून." पुन्हा थांबणे; पुन्हा एक रेघ. माझा डोळा होता तो. सकाळी मला दरडावून पाहणारा. आणि तो माझ्यादेखत हळूहळू दुसऱ्या कोणाचा होत होता. माझ्या जिभेवर दोनदा सूचना आल्या. प्रकाशाचा ठिपका आता खाली घ्यायला हवा, नाहीतर पापणी खोटी दिसेल. हे मला दिसत होते, कारण ते माझे काम आहे. मी ओठ मिटून धरले. आणि थोड्या वेळाने प्रणिताने, कोणी न सांगता, तो ठिपका खाली घेतला. "खालची पापनी वर, वहिनी. एवढी नगं. हां. अन् हितं गालाला..." वळी उमटायला लागली. अर्धी उमटेपर्यंत केदारनाथ बोलत होता. मग तो पडद्याकडे सरकू लागला.

प्रणिता मागे वळून माझ्याकडे पाहू लागली, ठीक आहे का म्हणून. मी पडद्याकडे पाहिले. तिथे एक बाई होती. गळ्यात हार, कपाळी भस्म, आणि एक डोळा बारीक करून ती कोणालातरी ओळखून हसायच्या बेतात होती. साम्य आहे की नाही, मला सांगता येईना. मी प्रणिताला खुणेने उठवले. केदारनाथला ती उठल्याचे कळलेच नाही. तो पुढे सरकला होता, काचेला नाक लागेल इतका, आणि अगदी रोजच्या आवाजात, घरी आल्यावर बोलावे तसे, म्हणत होता, "आये, दुकान कालच उघडलं गं मी. तेलाचा डबा फुटलाय, पर बाकी समदं जाग्यावर हाय."

आम्ही दोघी बाहेर आलो. मी दार ओढून घेतले. बाहेरच्या बाकावर विठ्ठलराव, शेतीच्या कागदांसाठी गावाहून आलेले आमचे जुने गिऱ्हाईक, पासपोर्ट साइजच्या फोटोसाठी टोपी हातात घेऊन बसले होते. त्यांना बसची घाई होती. "काकू, लई टाइम लागंल का?" त्यांनी विचारले.

"बसा," मी म्हटले. "आत मायलेकरं बोलत आहेत."